बसथांब्याचा अभ्यास: सरकारी प्राथमिक शाळेत सहा आठवड्यांचा प्रकल्प कसा चालवावा

मुलांना थांब्यावर नेण्याआधी शिक्षकाने एकट्याने तिथे चाळीस मिनिटं उभं राहायचं. या प्रकल्पातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि घाईत नेमकं हेच गाळलं जातं. पुढे मुलं कंटाळतात, गोंधळ घालतात, परत आल्यावर ‘खूप मजा आली’ यापलीकडे ओळ लिहीत नाहीत, त्याचं मूळ बहुतेकदा या न घालवलेल्या चाळीस मिनिटांत असतं.

इथे दुसरी किंवा तिसरीचा वर्ग धरला आहे. मोठं शहर, सरकारी शाळा, पट ३५, शिक्षक एक, तासिका चाळीस मिनिटांच्या. प्रगतिशील शिक्षणाचे, म्हणजे मुलाने स्वतः बघून आणि करून शिकावं या पद्धतीचे, बरेच गाजलेले प्रयोग खासगी शाळांत झाले. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांची प्रायोगिक शाळा १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये कॅरोलाइन प्रॅट यांनी १९१४ मध्ये शाळा काढली आणि १९१६ पासून ल्यूसी स्प्रेग मिचेल यांनी त्याच शहरात मुलांच्या शिकण्याचा अभ्यास मांडला. मुलाचा भूगोल त्याच्या पायाखालच्या रस्त्यापासून सुरू व्हावा, हा मिचेलबाईंचा आग्रह. पण या शाळांत वर्ग लहान आणि साहित्य मुबलक, म्हणून ‘हे पैसेवाल्यांच्या शाळेत ठीक आहे’ असं आजही ऐकायला मिळतं. डेबोरा मायर यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत सेंट्रल पार्क ईस्ट ही सरकारी प्राथमिक शाळा याच पद्धतीने चालवून त्याला उत्तर दिलं. फी नव्हती, पण तयारी कडक होती. पद्धत पैशापेक्षा तयारीवर चालते, आणि ती तयारी कशी करायची तेच पुढे दिलं आहे.

विषय असा निवडा

शाळेपासून दहा मिनिटांच्या पायी अंतरावर असलेली, किमान तीनदा जाऊन बघता येईल अशी, माणसं काम करताना दिसतील अशी आणि मुलांनी आधी थोडीफार अनुभवलेली जागा हवी. बसथांबा या चारही कसोट्यांना उतरतो. दवाखाना, टपाल कार्यालय, बांधकाम चालू असलेली इमारत, रस्त्यावरचा पूल हेही चालतील. डायनोसॉर किंवा ग्रहमाला मुलांना आवडते, पण तिथे जाऊन मोजता येत नाही. सगळं पुस्तकातून येतं आणि मूल पुन्हा ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन बसतं. ‘पर्यावरण’ किंवा ‘वाहतूक’ असे ऐसपैस विषयही टाळा. त्यांना टोकच नसतं, त्यामुळे सहाव्या आठवड्यात काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. विषय जितका चिमुकला, तितका अभ्यास खोल जातो.

जागा ठरली की मुलांना ज्या वेळी नेणार त्याच वेळी तिथे जा. सकाळी साडेदहाला नेणार असाल तर संध्याकाळी जाऊन पाहिलेलं कामाचं नाही. ऊन, गर्दी, सावली सगळं वेगळं असतं. वही उघडा आणि पुढच्या गोष्टी टिपा: चाळीस मिनिटांत किती बस आल्या, कोणत्या क्रमांकाच्या, प्रत्येक किती सेकंद उभी राहिली, किती माणसं चढली-उतरली. थांब्याचं चित्र काढा, कितीही वाकडंतिकडं आलं तरी. सतरा-अठरा मुलं कुठे उभी राहतील, रस्त्याकडे पाठ कुणाची होणार नाही, कुठला रस्ता ओलांडावा लागेल ते पाहा. शेवटी तुम्हाला स्वतःला न सुटलेले किमान पाच प्रश्न लिहा. पाचही सुचले नाहीत, तर अजून दहा मिनिटं थांबा. शिक्षकाला सगळं माहीत असलेला विषय वर्गात मिळमिळीत होतो, कारण त्याचे प्रश्न नकळत परीक्षेचे होतात.

घरी आल्यावर एकाच कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे या सत्रात अभ्यासक्रमाने सांगितलेली उद्दिष्टं: तीन अंकी बेरीज, घड्याळ वाचणं, सूचना लिहिणं, नकाशातल्या दिशा. उजवीकडे त्यातलं काय थांब्यावर खरोखर करता येईल. ओढूनताणून जोडू नका. जे जमत नाही ते रिकामं ठेवा आणि वेगळ्या तासाला शिकवा. हा कागद मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी द्या. ‘अभ्यासक्रम मागे पडेल’ या शंकेला बोलून उत्तर देण्यापेक्षा तो कागद पुढे ठेवणं बरं.

वेळ कुठून काढायचा

चाळीस मिनिटांत मुलं साहित्य काढतात, जरा रंगात येतात आणि घंटा होते. अशा तुकड्यांत प्रकल्प होत नाही. आठवड्यातून चार दिवस लागोपाठच्या दोन तासिका जोडून मागा. ऐंशी मिनिटांपैकी पहिली दहा बोलण्यात, साठ कामात, शेवटची दहा आवराआवरीत जातात. वेळापत्रक करणाऱ्यांना सत्राआधी महिनाभर भेटलात तर हे जमतं. सत्र सुरू झाल्यावर एकेक तास बदलून घेताना सगळेच वैतागतात.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. वाचन आणि अंकगणिताचा रोजचा थेट शिकवण्याचा तास प्रकल्पाला देऊ नका. अक्षर-ध्वनी, जोडाक्षरं, हातचा, पाढे हे प्रकल्पातून ‘आपोआप’ येतं अशी समजूत करून घेणाऱ्या शाळांत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ज्यांच्या घरी शिकवायला कुणी नाही त्यांचं. घरी पुस्तकं असणारं मूल कुठल्याही पद्धतीत तरून जातं. प्रकल्प शिकलेलं वापरायला आणि नवं शिकण्याची गरज निर्माण करायला असतो. मूळ कौशल्य शिकवायला रोज चाळीस मिनिटं वेगळी हवीतच.

पहिला आठवडा: अजून कुठेही जायचं नाही

पहिल्या दिवशी प्रत्येकाला कोरा कागद आणि पेन्सिल द्या. ‘बसथांबा आठवून काढा’, एवढंच सांगा. फळ्यावर नमुना काढू नका, रंग देऊ नका. रंग हातात आले की मुलं आकाश भरत बसतात. वीस मिनिटांनी कागद गोळा करा, मागे नाव आणि तारीख घाला आणि जपून ठेवा. सहा आठवड्यांनी याच कागदाशेजारी दुसरं चित्र लावायचं आहे. पालकांना पटवायला याहून चांगला पुरावा नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रश्न. भिंतीवर मोठा कागद लावा आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘थांब्यावर आकडे का असतात?’ हे मुलाचं वाक्य ‘मार्ग क्रमांकाचे महत्त्व’ असं सुधारून लिहिलंत की त्या मुलाला तो प्रश्न ओळखूही येत नाही. मोठ्या शहरातल्या वर्गात चार-पाच घरच्या भाषा असतात. ज्या भाषेत प्रश्न आला त्या भाषेत लिहा, खाली शाळेच्या भाषेत. प्रश्नाखाली मुलाचं नाव असू द्या.

पस्तीस मुलांकडून चाळीस-पन्नास प्रश्न निघतात. ते चार ढिगांत वाटायचं काम मुलांनीच करायचं: बघून कळेल, मोजून कळेल, विचारून कळेल, करून बघावं लागेल. ‘बस दिवसातून किती वेळा येते?’ हा मोजायचा की विचारायचा, यावर वाद होतो. होऊ द्या. उत्तर शोधायची वाट मुलं इथेच ठरवत असतात. ज्या प्रश्नांना वाटच सापडत नाही ते वेगळ्या कोपऱ्यात लावा, काढून टाकू नका.

भेट

सगळा वर्ग एकदम नेऊ नका. पस्तीस मुलं पदपथावर उभी राहिली तर मागच्या रांगेला पुढच्यांच्या पाठीच दिसतात. अर्धा वर्ग आज, अर्धा उद्या. उरलेली मुलं शेजारच्या वर्गात बसतील असं त्या शिक्षकांशी आधी बोलून ठेवा. सतरा-अठरा मुलांचे तीन गट करा आणि प्रत्येक गटाला एक मोठं माणूस द्या. पालकांना बोलावणार असाल तर आदल्या दिवशी दहा मिनिटं भेटून एकच गोष्ट सांगा: उत्तर द्यायचं नाही, ‘कुठे दिसलं?’ एवढंच विचारायचं. सांगून ठेवलं नाही तर प्रेमळ पालक पहिल्या पाच मिनिटांत सगळं समजावून टाकतात आणि मुलं बघायची थांबतात.

गटांची कामं वेगळी असतात. पहिला गट वेळेचा: बस आली तेव्हा घड्याळात किती वाजले आणि ती किती सेकंद उभी राहिली. दुसरा मोजणीचा: दोन मुलं चढणारे मोजतात, दोन उतरणारे, दोघं लिहितात. तिसरा चित्रांचा: प्रत्येकाने एकच भाग मोठा काढायचा; पाटी, बाक, छपराचा खांब, जमिनीतला बोल्ट. पूर्ण थांबा काढायला सांगितला तर पुन्हा आठवणीतलं चित्रच येतं.

बरोबर घ्यायचं साहित्य: प्रत्येकाला चिमटा लावलेला पुठ्ठा (साधारण २२ × ३० सेंमी), पुठ्ठ्याला अर्ध्या मीटरच्या दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, तीन कोरे कागद, गटाला एक काटे असलेलं घड्याळ. दोरा बांधला नाही तर निम्म्या पेन्सिली रस्त्यावर राहतात आणि त्या उचलायला मूल धावतं. धोका तिथे असतो. गाळलेल्या जागा भरायची छापील पत्रिका नेऊ नका. मुलं थांब्याकडे पाठ करून शेजाऱ्याची पत्रिका बघतात.

थांब्यावर पंचवीस मिनिटं पुरतात. त्याहून जास्त लांबवलं की या वयाची मुलं बघणं सोडून एकमेकांना ढकलायला लागतात. डोकी पाच वेळा मोजा: वर्गाच्या दारात, फाटकाशी, पोचल्यावर, निघताना, परतल्यावर. निघण्याआधी सगळी शौचालयाला जाऊन आलेली असावीत. पालकांच्या सहीचं पत्र आठवडाभर आधी मागवा; दोन-तीन पत्रं शेवटच्या दिवशीही आलेली नसतात, म्हणून एक दिवस हाताशी ठेवून तारीख ठरवा.

मोजणीच्या गटात एक गोष्ट बहुधा होतेच. एक मूल म्हणतं अकरा उतरले, दुसरं म्हणतं बारा. इथे शिक्षकाचा हात पटकन ‘बरोबर’ आकड्याकडे जातो. थांबा. दोघांना कसं मोजलं ते विचारा. बऱ्याचदा एकाने कडेवरचं बाळ धरलेलं असतं, दुसऱ्याने नाही. मग वर्गासमोर प्रश्न ठेवा: बाळ प्रवासी धरायचं का? काही म्हणतात त्याला तिकीट नसतं, काही म्हणतात जागा तर लागते. वर्गाने नियम ठरवायचा, भिंतीवर लिहायचा आणि पुढच्या भेटीत तोच लावायचा. मोजण्याआधी काय मोजतोय ते ठरवावं लागतं, हे सात-आठ वर्षांच्या मुलांना असं कडेवरच्या बाळावरून कळतं.

आकड्यांचं काय करायचं

दुसरीला ताळ्याच्या खुणा आणि स्तंभालेख पुरे. तिसरीला बसच्या मधल्या वेळांची सरासरी काढता येते, पण सूत्राने नाही. समजा मधली अंतरं ४, ९, ७, १२ आणि ३ मिनिटं निघाली. तेवढ्या ठोकळ्यांचे पाच मनोरे शेजारी रचायला सांगा. मग विचारा, सगळे मनोरे सारख्या उंचीचे करायचे तर? मुलं उंचावरून काढून बुटक्यावर ठेवत जातात आणि पाचही सातावर येऊन थांबतात. एकूण ठोकळे पस्तीसच राहतात, हे त्यांना हाताने कळलेलं असतं. भागाकार नंतर.

यावर एखादं मूल विचारतं, की बारा मिनिटं उभ्या राहिलेल्या माणसाला सात मिनिटं सांगून काय उपयोग? प्रश्न फार चांगला आहे, तो भिंतीवर लावा. शिक्षकांनी मनात ठेवायची गोष्ट अशी: कुणी कधीही थांब्यावर आला तर तो तीन मिनिटांच्या फटीपेक्षा बारा मिनिटांच्या फटीत सापडण्याची शक्यता चौपट असते. ‘माझीच बस नेहमी उशिरा’ असं लोकांना वाटण्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे.

ठोकळे

पुष्कळ शाळांत ठोकळे बालवर्गानंतर कपाटात जातात. तिसरीपर्यंत ते बाहेर हवेत. कॅरोलाइन प्रॅट यांनी आखलेल्या ठोकळ्याचं माप साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि त्याच्या निम्मं जाड, म्हणजे ढोबळमानाने १४, ७ आणि साडेतीन सेंमी. प्रमाण ४:२:१. गंमत या प्रमाणात आहे. दोन अर्धे मिळून एक पूर्ण, दोन पूर्ण मिळून एक दुप्पट. भिंत रचताना मूल अपूर्णांक हाताळत असतं. मापात गडबड असलेले रंगीत प्लास्टिकचे तुकडे इथे चालत नाहीत.

विकतचा संच महाग वाटला तर सुताराकडून करून घ्या. सहा मुलांच्या एका गटाला ४० पूर्ण (१४ सेंमी), २० अर्धे (७ सेंमी), २४ दुप्पट (२८ सेंमी) आणि ८ चौपट (५६ सेंमी) पुरतात. ७ × ३.५ सेंमी छेदाची रंधा मारलेली पट्टी साधारण सव्वाअठरा मीटर लागते. गाठी आणि टोकं वाया जातात, म्हणून वीस मीटर घ्या. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओलं असेल तर वाळताना ते आकसतं, मुख्यतः रुंदीत आणि जाडीत, आणि प्रमाण बिघडतं.

कापताना एक चूक हमखास होते. पट्टीवर आधीच १४-१४ सेंमीच्या सगळ्या खुणा करून मग करवत चालवली की करवतीचं पातं दर कापाला दोन-तीन मिलिमीटर खातं आणि प्रत्येक ठोकळा तेवढा आखूड निघतो. एक काप झाल्यावर पुढची खूण नव्या टोकापासून करा. त्याहून बरं म्हणजे १४ सेंमीवर अडसर ठोकून पट्टी त्याला टेकवून कापा. झाल्यावर दोन अर्धे जोडून पूर्णावर ठेवा आणि बोट फिरवा. कडेला नख अडलं तर तो जोड बाजूला काढा. कडा सँडपेपरने गोल करा, रंग किंवा चकचकीत पॉलिश नको; गुळगुळीत ठोकळे एकमेकांवरून घसरतात.

जागा अशी निवडा जिथून वर्गाची ये-जा नाही. ठोकळे ठेवायच्या फळीपासून हातभर अंतर सोडून चिकटपट्टीने रेघ मारा. रेघेच्या आत बांधायचं नाही, नाहीतर ठोकळे काढायला येणारं मूल दुसऱ्याची इमारत पाडतं. ज्याने बांधलं त्यानेच पाडायचं, आणि तेही वरून, हाताने, एकेक करून. बांधकाम किमान तीन दिवस उभं राहू द्या. रोज आवरायला लावलंत तर मुलं रोज तेच सोपं घर बांधतात.

थांबा बांधताना छपराशी गाठ पडते. खऱ्या थांब्याला अनेकदा मागच्या बाजूलाच खांब असतात, छप्पर पुढे अधांतरी. मुलं मागे खांब रचतात, वर २८ सेंमीचा ठोकळा पुढे काढून ठेवतात आणि तो पुढे कोसळतो. निम्म्यापेक्षा जास्त भाग बाहेर गेला की तो पडणारच. इथे ‘मागे वजन ठेव’ असं सांगू नका. मुलांना त्यांनीच काढलेलं जमिनीतल्या बोल्टचं चित्र दाखवा आणि विचारा, हा इथे कशाला असेल? काही मुलं मागच्या टोकावर ठोकळा ठेवून बघतात, काही चिकटपट्टीने खांब जमिनीला बांधतात. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दुसऱ्या भेटीला मुलं पळत जाऊन तो बोल्ट बघतात.

‘फुस्स’चा प्रश्न

बस थांबल्यावर ‘फुस्स’ असा आवाज कुठून येतो, हा प्रश्न अनेक वर्गांत निघतो. मोठ्या बसचे ब्रेक दाबून भरलेल्या हवेवर चालतात. ब्रेक सोडला की हवा बाहेर पडते आणि तो आवाज होतो. अनेक बसचे दरवाजेही अशाच हवेने उघडतात. हे सांगून मोकळं होऊ नका, करून बघता येतं. सुई नसलेल्या २० मिलीच्या दोन सिरिंज आणि दोन्ही तोंडांवर घट्ट बसणारी हातभर पारदर्शक नळी घ्या. जोडण्याआधी एक दट्ट्या पूर्ण बाहेर, दुसरा पूर्ण आत असला पाहिजे. दोन्ही आत असले तर ढकलायला काही उरत नाही. दोन्ही बाहेर असले तर एक ढकलताच दुसरा निसटून उडतो. नीट जोडल्यावर एकाने ढकलायचं, दुसऱ्याने आपला दट्ट्या अंगठ्याने दाबून धरायचा. ढकलणाऱ्याला हवा स्प्रिंगसारखी परतताना जाणवते. मग त्याच नळीत पाणी भरून पुन्हा करा. आता ते लवचीक वाटत नाही, इकडे ढकललं की तिकडे लगेच सरकतं. फरक मुलांना हाताने कळतो, मग शब्द द्या.

जाणकाराची मुलाखत

तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात चालक, वाहक किंवा मार्ग आखणाऱ्या कार्यालयातलं माणूस वर्गात बोलवा. आधी दोन दिवस सराव घ्या. ‘तुम्हाला काम आवडतं का?’ याला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘काल कामावर आल्यापासून काय काय केलं ते सांगाल का?’ याला दहा मिनिटांचं. प्रत्येक प्रश्नानंतर ‘मग?’ किंवा ‘ते कसं?’ विचारायचं काम एका मुलाकडे द्या. पाहुण्यांनाही सांगून ठेवा की भाषण नको, हातातली वस्तू आणा: जुनं वेळापत्रक, शिट्टी, हातमोजे. वस्तू असली की प्रश्न सुचतात. आभाराच्या पत्रात मुलाने नवीन कळलेली एक गोष्ट लिहायची, नुसतं ‘धन्यवाद’ नाही.

नोंदी

फक्त गुण ठेवून चालत नाही, आणि पस्तीस मुलांवर एकदम लक्षही राहत नाही. रोज पाच मुलं ठरवून घ्या, सात दिवसांत वर्ग पुरा होतो. प्रत्येकावर तीन-चार ओळी, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लिहिलेली नोंद आठवणीतून येते आणि आठवण मताकडे झुकते.

‘लक्ष देत नाही, हट्टी आहे’ ही नोंद नव्हे. ‘सकाळी १०.२०. छप्पर तीनदा पडलं. चौथ्यांदा खांब जवळ आणले. शेजारीण ठोकळा देत होती, घेतला नाही. पाचव्यांदा उभं राहिल्यावर सगळ्यांना बोलावलं’ ही नोंद. पहिलीवरून काहीच करता येत नाही. दुसरीवरून कळतं की हे मूल एकट्याने सोडवू बघतं आणि नंतर दाखवायला उत्सुक असतं. मग त्याला गटाचं काम कुठल्या टप्प्यावर द्यायचं ते सुचतं.

एखाद्या मुलाबद्दल काही सुचेनासं झालं तर शिक्षकांनी एकत्र बसून वर्णनात्मक आढावा घ्यावा. ही रीत पॅट्रिशिया कारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या प्रॉस्पेक्ट स्कूलमध्ये घडवली. ती शाळा १९६५ मध्ये सुरू झाली. वर्गशिक्षक पाच अंगांनी मुलाचं चित्र उभं करतो: शरीराची ठेवण आणि हालचाल, स्वभाव, इतरांशी नातं, ओढ असलेल्या गोष्टी, विचार करण्याची आणि शिकण्याची पद्धत. साठ-पंच्याहत्तर मिनिटं पुरतात. एक जण सूत्रं सांभाळतो, वर्गशिक्षक एक नेमका प्रश्न मांडतो, मग वर्णन, मग सगळ्यांच्या शंका, शेवटी प्रत्येकाची एकेक सूचना. घरच्या भानगडी आणि आजाराची नावं बैठकीत आणायची नाहीत. एकदा त्या निघाल्या की बोलणं घराभोवतीच फिरतं, आणि वर्गात उद्या सकाळी काय करायचं ते राहून जातं.

पालक आणि शेवटचे दिवस

‘वही कोरी का?’ हा प्रश्न पालक तिसऱ्या आठवड्यात विचारतात. तो रास्त आहे, त्यावर रागावू नका. दर शुक्रवारी मुलाने घरी चार ओळी न्यायच्या: या आठवड्यात काय मोजलं, कुठलं नवं वाचायला आलं, कुठे अडलं. अडलेलं लपवलं की विश्वास जातो.

सहाव्या आठवड्यात पुन्हा कोरा कागद, पुन्हा ‘बसथांबा आठवून काढा’, पुन्हा वीस मिनिटं. दोन्ही चित्रं शेजारी लावून वर्ग दोन तास पालकांना उघडा ठेवा. मुलं आपापल्या कामाशेजारी उभी राहतील. पाठ केलेली भाषणं, नाटक, सजावट यांत वेळ घालवू नका. पहिल्या चित्रात बहुधा एक खांब आणि चौकोन असतो. दुसऱ्यात बोल्ट, मार्गांचे आकडे, बाकाचा तुटलेला कोपरा. एखाद्या मुलाचं दुसरं चित्र पहिल्यासारखंच आलं, तर त्याच्या नोंदी काढून बघा. बऱ्याचदा ते मूल सहा आठवडे मोजणीच्याच गटात राहिलेलं असतं, थांब्याकडे नीट बघण्याचं काम त्याच्याकडे आलेलंच नसतं. गट दर भेटीला बदलायचे ते यासाठी.

दुसऱ्या दिवशी इमारती पाडायच्या, ठोकळे मोजून फळीवर लावायचे: ४०, २०, २४, ८. प्रश्नांच्या भिंतीवरून सुटलेले प्रश्न काढून मुलांच्या फायलींत घाला. न सुटलेले मुलांच्या नावांसकट जपून ठेवा आणि वर्ग वर गेला की पुढच्या शिक्षकांच्या हातात द्या.